बाबेलमध्ये लावलेल्या बागा : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच दुखण्याभोवती फिरणारी होती. जुने संपले आहे, नवे सुरू झालेले नाही, आणि मधल्या काळात देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे, असे त्यांतून विचारलेले होते. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : माझे वय ४१ आहे. तीन वर्षांपूर्वी मी ज्या ठिकाणी नोकरी करीत होते ते काम बंद पडले आणि त्याच वर्षी माझे ठरलेले लग्नही मोडले. त्या दिवसांत प्रार्थना करीत असताना बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या २९व्या अध्यायातील ११वे वचन मला मिळाले. देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत, तो आपल्याला भावी सुस्थितीची आशा देतो, हे ते वचन. एका वर्षाच्या आत देव सर्व काही नवे करील, असे मी मनाशी धरून बसले. ते वर्ष गेले आणि त्यानंतरची दोन वर्षेही गेली. मंडळीतील (चर्चमधील) काही जण म्हणतात की माझा विश्वास उणा पडत असावा किंवा माझ्या जीवनात एखादे लपलेले पाप असावे. मी अजून किती थांबावे? की ते वचन माझ्यासाठी नव्हतेच?

उत्तर : प्रिय भगिनी, आधी मंडळीत आपल्याला जे ऐकावे लागले त्याविषयी लिहितो, कारण वाट पाहण्याच्या दुःखापेक्षा ते शब्द आपल्याला अधिक लागले आहेत, असे पत्र वाचताना जाणवले. बायबलमध्ये हन्ना नावाच्या निपुत्रिक स्त्रीची गोष्ट आहे. शिलो येथे ती मुलासाठी रडत प्रार्थना करीत होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज ऐकू येत नव्हता, आणि तेवढ्यावरून एली याजकाने ती मद्य प्यालेली आहे असे ठरवून टाकले. देवाच्या मंदिरात बसलेल्या, वयाने आणि अधिकाराने मोठ्या असलेल्या माणसाचीही दुसऱ्याच्या दुःखाविषयी अशी चूक होऊ शकते. चूक कळल्यावर त्याने तिला आशीर्वाद दिला, एवढे त्याच्या पदरात टाकले पाहिजे. आपले अंतःकरण देवासमोर तपासून पाहणे हे प्रत्येक विश्वासणाऱ्याचे नित्याचे काम आहे, आणि ते आपण केले असणार. परंतु केवळ उशीर झाला म्हणून कोणाचे पाप हुडकत बसणे हे संकटांत सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांचे काम होते, आणि देव त्या मित्रांवर रागावला हे ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात लिहून ठेवलेले आहे.

आता त्या वचनाकडे वळतो. ते आपण सुटे घेतले आहे. आपण सगळेच ते तसे घेतो, त्यामुळे यात दोष देण्याचा हेतू नाही. पण ते वचन एका पत्रातले आहे, आणि ते संपूर्ण पत्र एकदा सावकाश वाचावे, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेतून ज्या लोकांना धरून बाबेलास (बॅबिलोनला) नेले होते, त्यांना यिर्मयाने हे पत्र पाठवले. घर, शेत, मंदिर, ओळख हे सगळे मागे राहिलेली ही माणसे होती, आणि त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती : परत कधी जायचे? याआधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा त्यांना हवे तेच उत्तर देताना दिसतो. दोन वर्षांच्या आत सगळे परत येईल, असे तो परमेश्वराच्या नावाने, यरुशलेमेतील मंदिरात, लोकांच्या देखत सांगतो. त्यावर यिर्मया पहिला शब्द उच्चारतो तो ‘आमेन’ हा होय. परमेश्वर तसेच करो, असे तो म्हणतो. मला हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. यिर्मयालाही ते हवेच होते. लोकांनी लवकर परतावे असे त्यालाही वाटत होते, पण देवाने जे सांगितले नाही ते केवळ सर्वांना हवे आहे म्हणून तो सांगू शकत नव्हता. मग पत्रात तो लिहितो : ७० वर्षे.

याचा अर्थ काय होतो, याचा क्षणभर विचार करावा. ज्या प्रौढ माणसांनी ते पत्र हातात घेतले, त्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. आपल्याला धीर देणारे अकरावे वचन अशा लोकांना लिहिलेले आहे, आणि ते सत्तर वर्षांच्या दहाव्या वचनाला लागूनच येते. म्हणजे देवाचे हिताचे संकल्प आणि लांबलेली प्रतीक्षा यांत त्या पत्राला कोठेही विसंगती दिसत नाही. आपण विचारता की ते वचन आपल्यासाठी नव्हते का. देवाचे मन आपल्या लोकांविषयी जसे तेथे दिसते तसेच ते आहे, आणि म्हणून ते आपलेही आहे, असे मी निश्चयाने लिहितो. पण ‘एका वर्षाच्या आत’ हे शब्द त्या वचनात नाहीत. ते आपल्या वेदनेने जोडले.

हे मी उपदेशकाच्या उंच जागेवरून लिहीत नाही. घरातील एका दीर्घ आजाराच्या काळात मीही एक तारीख मनात धरली होती आणि तिला विश्वास असे नाव दिले होते. ती तारीख आली आणि गेली. त्या रात्री मला देवाचा अतिशय राग आला. देवाने ती तारीख मला दिलेलीच नव्हती, आणि जे वचन त्याने दिले नव्हते ते मोडल्याचा ठपका मी त्याच्यावर ठेवत होतो, हे समजायला मला पुष्कळ महिने लागले. ते समजल्यावर आजार संपला नाही, पण देवाशी माझे भांडण मात्र संपले.

मग देवाने नेमके काय सांगितले आहे? पत्रातील आज्ञा पाहाव्यात. घरे बांधून त्यांत राहा, बागा लावून त्यांची फळे खा, मुलाबाळांचे संसार उभे करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित चिंता आणि त्यासाठी परमेश्वराची प्रार्थना करा. बाग लावणाऱ्याला फळे खाण्यासाठी काही वर्षे थांबावे लागते. ज्याला दोन वर्षांत निघायचे आहे तो बाग लावत नाही. तो गाठोडे बांधून दाराशी बसतो. हनन्याच्या संदेशाने लोकांचे मोठे नुकसान झाले असते ते येथे, कारण त्यांनी हातातले दिवस जगायचे सोडून दिले असते. प्रतीक्षेच्या काळात माणसाच्या हातून निसटते ते बहुधा हेच. लग्न ठरल्यावर घर नीट लावू, नोकरी लागल्यावर मंडळीच्या सेवेत भाग घेऊ, सगळे मार्गी लागल्यावर मैत्रिणींना बोलावू, असे करता करता तीन वर्षे तात्पुरती होऊन जातात. आपल्या पत्रात हे शब्द नाहीत, पण मी अशी अनेक घरे पाहिली आहेत, म्हणून विचारतो : ज्या स्थितीत आपल्याला राहायचे नव्हते, त्या स्थितीत आपण काही पेरले आहे का? देवावर भरवसा ठेवून नवी सुरुवात मागणाऱ्याने आजच्या, नको असलेल्या जमिनीतही बी टाकावे, हा त्या पत्राचा आग्रह आहे.

आणखी एक गोष्ट, जी नव्या सुरुवातीविषयी बोलताना क्वचितच सांगितली जाते. लोक शेवटी परतले. इ.स.पू. ५३८ च्या सुमारास पारसाचा (इराणचा) राजा कोरेश (सायरस) याने त्यांना जाण्याची परवानगी दिली, आणि यरुशलेमेत मंदिराचा पाया पुन्हा घातला गेला. एज्राच्या तिसऱ्या अध्यायात त्या दिवसाचे वर्णन आहे. पुष्कळ लोक आनंदाने जयघोष करीत होते, आणि ज्या वृद्धांनी पहिले मंदिर पाहिले होते ते हेल काढून रडत होते; आनंदाचा आवाज कोणता आणि रडण्याचा कोणता हे कोणालाही ओळखता येईना. देवाने दिलेली खरी नवी सुरुवात होती ती, तरी ती जुन्यासारखी नव्हती. आपल्याही बाबतीत नवे येईल तेव्हा ते गमावलेल्याची नक्कल असणार नाही, आणि ते स्वीकारताना डोळ्यांत पाणी आले तर त्याला अविश्वास समजू नये.

लग्न होईलच किंवा तशीच नोकरी पुन्हा मिळेलच, असे मी आपल्याला लिहिणार नाही. तसे लिहिले तर मी हनन्याच्या बाजूला जाऊन बसेन. मी आपल्याला कधीच सोडणार नाही व टाकणार नाही, असे देवाने सांगितले आहे, आणि त्याची करुणा रोज सकाळी नवी होते, असे विलापगीत सांगते. तो ग्रंथ यरुशलेमेच्या विध्वंसावर शोक करतो, आणि नव्या करुणेची ती ओळ सर्व काही सुरळीत झाल्यावर लिहिलेली नाही. आपण नवी सुरुवात वर्षांच्या मापाने शोधत आहात, तर त्या ग्रंथाने ती एकेका सकाळच्या मापाने मोजली आहे. म्हणून ‘किती थांबावे’ याला माझ्यापाशी आकडा नाही. उद्या सकाळी उठल्यावर त्या दिवसापुरते जे करण्यासारखे आहे, ते त्याच्या समोर करावे, इतकेच मी सांगू शकतो.

प्रश्न : व्यवसायात खोट आल्यावर मी गेले वर्षभर नव्या कामासाठी प्रार्थना करीत आहे. त्याबरोबरच अर्ज करणे, ओळखीच्या लोकांना भेटणे, एक नवे कौशल्य शिकणे हेही चालू आहे. आमच्या प्रार्थनागटातील एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, ‘देवावर सोपवले असेल तर स्वतःची धडपड कशाला? अब्राहामाने घाई केली आणि इश्माएल जन्मला.’ तेव्हापासून प्रत्येक अर्ज पाठवताना मनात अपराधीपणा येतो. प्रयत्न करणे म्हणजे देवाच्या पुढे धावणे आहे काय?

उत्तर : नाही, बंधो. अर्ज पाठवत राहावे.

त्या वडीलधाऱ्यांच्या सांगण्यात एक खरी गोष्ट आहे, ती आधी मान्य करतो. अब्राहाम देवाच्या बोलावण्यावरून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता, इश्माएल झाला तेव्हा ८६ वर्षांचा, आणि देवाने वचन दिलेला पुत्र इसहाक झाला तेव्हा १०० वर्षांचा. सुमारे दहा वर्षे थांबल्यावर त्याचा आणि त्याची पत्नी सारा हिचा धीर सुटला, हे खरे. पण त्यांचे नेमके चुकले कोठे? त्यांनी हात हलवले म्हणून ते चुकले, असे मला वाटत नाही. त्यांनी हागारेला, म्हणजे जिच्या शब्दाला त्या घरात काहीही किंमत नव्हती अशा दासीला, मूल मिळवण्यासाठी, आपल्या प्रतीक्षेवरचा उपाय म्हणून वापरले, आणि पुढे ती गर्भवती असताना तिला इतके छळले की ती रानात पळून गेली. दुसऱ्याच्या जिवावर आपली वाट मोकळी करून घेणे, ही तेथील घाई होती. आणि एक विनंती : इश्माएल हा शब्द चुकीच्या निर्णयाचे नाव म्हणून वापरू नये. त्या नावाचा अर्थ ‘देव ऐकतो’ असा आहे, आणि रानात त्या मुलाचे रडणे देवाने ऐकले.

दुसरे उदाहरण योसेफाचे. तो १७ वर्षांचा असताना त्याची हकिकत सुरू होते आणि मिसराचा राजा फारो याच्यापुढे उभा राहतो तेव्हा तो ३० वर्षांचा असतो. मधल्या काळात, तुरुंगात असताना, प्यालेबरदाराच्या (राजाला मद्याचा प्याला देणाऱ्या सेवकाच्या) स्वप्नाचा अर्थ सांगून झाल्यावर योसेफ त्याला स्पष्ट शब्दांत विनंती करतो की तुझे बरे झाले म्हणजे माझी आठवण ठेव आणि फारोकडे माझ्याविषयी बोल. आजच्या भाषेत याला ओळखीच्या माणसाला भेटणे असेच म्हणावे लागेल. या विनंतीबद्दल पवित्र शास्त्र त्याला एका शब्दानेही दोष देत नाही. प्यालेबरदार विसरला आणि आणखी दोन वर्षे गेली, हे खरे. पण फारोला स्वप्ने पडली तेव्हा त्याच माणसाला तीच ओळख आठवली. योसेफाने योग्य ते केले होते, फक्त फळाची वेळ त्याच्या हाती नव्हती.

प्रयत्न कोणता आणि घाई कोणती हे ओळखण्यासाठी मी स्वतःला इस्राएलाच्या शौल राजाची गोष्ट आठवून देतो. गिलगालात शमुवेल संदेष्ट्याने सांगितलेले सात दिवस तो थांबला. सैनिक पांगू लागले, समोर शत्रू, म्हणजे पलिष्टी, जमले होते, आणि जे होमार्पण करण्याचा अधिकार त्याला नव्हता ते त्याने करून टाकले. ते आटोपते न आटोपते तोच शमुवेल येऊन पोहोचला. शौलाने भीतीपोटी एक स्पष्ट आज्ञा मोडली. आपले अर्ज कोणती आज्ञा मोडतात? त्यासाठी आपण खोटे लिहीत नसाल, कोणाचा हक्क डावलत नसाल, तर अपराधीपणाला जागा नाही. माणसाच्या मनाची एक खूण मात्र सांगतो, कारण ती मला अनुभवाने पटली आहे. नकार आल्यावर दुःख झाले तर ते स्वाभाविक आहे. पण नकार आल्यावर ‘आता देवही काही करू शकत नाही’ असे वाटू लागले, तर आपला भरवसा हळूहळू त्या अर्जावर जाऊन बसला होता, असे समजावे आणि तो पुन्हा जागेवर आणावा.

येशूने शिष्यांना यरुशलेमेत थांबायला सांगितले तेव्हा पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा ‘थोड्याच दिवसांत’ होईल एवढेच त्यांना कळले होते. काळ आणि समय जाणणे तुमच्याकडे नाही, असेही त्याने बजावले होते. त्या दिवसांत ते माडीवरच्या खोलीत एकचित्ताने प्रार्थना करीत राहिले, आणि त्याच दिवसांत सुमारे १२० जणांच्या सभेत त्यांनी येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी मत्थियाची निवडही केली. प्रार्थना आणि कामकाज एकाच प्रतीक्षेत, एकाच माणसांकडून चालले होते.

प्रश्न : मला आता प्रार्थनाच करवत नाही. त्याच त्या विनंत्या करून शब्द संपले आहेत. उपासनेत सर्व जण विजयाची गीते गातात तेव्हा मी गप्प उभा राहतो. माझा विश्वास गेला आहे, असे समजावे काय?

उत्तर : ज्याचा विश्वास खरोखर गेला आहे तो असे पत्र लिहीत बसत नाही, असे मला वाटते.

स्तोत्रसंहितेतील १३वे स्तोत्र काढून पाहावे. ‘कोठवर?’ हा प्रश्न त्याच्या पहिल्या दोन वचनांत चार वेळा येतो. तेच ते शब्द पुन्हा म्हणणे ही प्रार्थनेतली उणीव असती, तर ते स्तोत्र पवित्र शास्त्रात आले नसते. ८८वे स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहते. बहुतेक विलापस्तोत्रांच्या शेवटी जे आशेचे वळण असते, ते त्याला नाही. तरीही इस्राएलाने ते उपासनेसाठी जपून ठेवले. ज्याला स्वतःचे शब्द उरलेले नाहीत त्याने हे शब्द उसने घ्यावेत, आणि तेही जमत नसेल तेव्हा रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सांगतो त्यावर टेकावे : प्रार्थना कशासाठी करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः, शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने, आपल्यासाठी मध्यस्थी करतो. आपण गप्प उभे राहता त्या वेळी आपल्या वतीने कोणीतरी प्रार्थना करीत असते.

हिब्रू भाषेतील एक शब्द मला अशा दिवसांत उपयोगी पडला आहे. आशेसाठी त्या भाषेत ‘तिक्वा’ असा शब्द आहे. यहोशवाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात यरीहो नगरातील राहाबेने, इस्राएली हेरांनी सांगितलेली वाचण्याची खूण म्हणून, आपल्या खिडकीला किरमिजी दोरी बांधली, त्या दोरीसाठीही मूळ भाषेत हाच शब्द आलेला आहे. यरीहोची तटबंदी पडण्याची वाट पाहताना राहाबेच्या मनात रोज काय भावना होत्या, हे शास्त्र सांगत नाही. काही दिवस तिला भीती वाटली असेल, काही दिवस काहीच वाटले नसेल. दोरी मात्र खिडकीला बांधलेली होती. आपण उपासनेला येऊन गप्प उभे राहता, ती आपली बांधलेली दोरी आहे. गाता येईल तेव्हा गावे. तोवर इतरांच्या गाण्यात उभे राहावे.

प्रश्न : माझी एक जवळची मैत्रीण कित्येक वर्षे मूल होण्याची वाट पाहत आहे. तिला भेटल्यावर काय बोलावे हे मला कळत नाही. ‘देवाची वेळ योग्य असते’ असे म्हटले की तिचा चेहरा उतरतो.

उत्तर : मग ते वाक्य तिच्यापुढे म्हणू नये. ते खोटे आहे म्हणून नव्हे. देव समयोचित काम करतो हे मी मनापासून मानतो. पण ते वाक्य वाट पाहणाऱ्याने स्वतः म्हटले तर ती कबुली होते, आणि ज्याला वाट पाहावी लागत नाही त्याने म्हटले तर ते दार लावून घेतल्यासारखे होते. एका शोकाकुल घरात मी हे वाक्य फार लवकर उच्चारले होते. त्या घरातील आईने माझ्याकडे पाहिले आणि ती उठून आत गेली. त्या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली, तरी ते पाहणे मी विसरलेलो नाही.

हन्नेचा पती एलकाना तिच्यावर मनापासून प्रेम करीत होता, तरी ‘मी तुला दहा पुत्रांहून अधिक नाही काय?’ असे विचारून त्याने तिचे दुःख लहान केले. ईयोबाचे मित्र मात्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्दही न बोलता. त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच होते. आपण मैत्रिणीकडे जावे, तिला बोलायचे असेल तर ऐकावे, नसेल तर दुसऱ्या विषयावर बोलावे. तिच्यासाठी प्रार्थना करीत असाल तर ती तिच्या नावाने, रोज, घरी करावी. आणि ज्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या बाळाच्या समर्पणाची उपासना असेल, त्या दिवशी मंडळीत तिच्या शेजारची जागा रिकामी राहू देऊ नये.